‘आमच्या घराण्यातच शुगर आहे’

मधुमेहाचं निदान झालं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘आमच्या घराण्यातच शुगर आहे, चुकणार थोडीच!’ यातला पहिला भाग बहुधा खरा असतो. आई-वडिलांना टाइप 2 मधुमेह असेल तर मुलांना धोका जास्त, याबद्दल वाद नाही. पण ‘चुकणार थोडीच’ हे कुठून आलं? घराण्याकडून माणसाला जनुकं मिळतात, तसंच स्वयंपाकघर मिळतं, जेवणाच्या वेळा मिळतात, कामाची पद्धत आणि राहायची वस्तीही मिळते. एवढ्या सगळ्यातून फक्त रक्त वेगळं काढून त्याच्या माथी सगळं मारायचं, हा काही विज्ञानाचा निष्कर्ष नव्हे. अमेरिकेत ॲरिझोनात राहणाऱ्या पिमा आदिवासींमध्ये मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक म्हणावं इतकं आहे, आणि त्यांचं उदाहरण जनुकांच्या बाजूनं नेहमी दिलं जातं. त्यांचेच जवळचे नातलग मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मधुमेहाचं प्रमाण ॲरिझोनात 38 टक्के निघालं, मेक्सिकोत 6.9 टक्के. ॲरिझोनातल्या पिमांच्या नदीचं पाणी एकोणिसाव्या शतकात वरच्या भागातल्या वसाहतवाल्यांनी वळवलं. शेती गेली, अंगमेहनत गेली, पुढे सरकारी शिध्यातलं पीठ, साखर आणि चरबी ताटात आली. जनुकं होती तीच राहिली.

यावर आक्षेप ठरलेला आहे: ‘आमचे काका तर सडपातळ, खाणंही बेताचं, तरी त्यांना झालाच ना?’ प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचा वजन-निर्देशांक सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असेलच असं नाही. ‘म्हणजे शेवटी जनुकंच!’ असं म्हणायची घाई इथेही होते. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून होती. पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या आयांच्या आहारात जास्त, त्यांची बाळं मोठी. गरोदरपणात शेतात-घरात जड कामं उपसणाऱ्यांची लहान. आईच्या ताटात काय पडतं आणि तिला विसावा कधी मिळतो, हे ठरवणारं जनुक अजून तरी सापडलेलं नाही.

जनुकांना काहीच अर्थ नाही, असा याचा अर्थ काढू नये. एकाच जनुकातल्या बिघाडानं होणारे मधुमेहाचे दुर्मिळ प्रकार आहेत, आणि टाइप 1 ची कथा निराळी. सर्रास आढळणाऱ्या टाइप 2 बद्दल मात्र चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा 2006 चा प्रयोग पाहावा. साखर सीमारेषेवर असलेल्यांपैकी नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या सुमारे 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायामाचा नेटानं पाठपुरावा केलेल्या गटात 39 टक्क्यांना. म्हणजे धोका घटतो, शून्य होत नाही. त्यामुळे ज्याला मधुमेह झाला त्याला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून टोचणारेही तितकेच चुकतात.

बाकीचे समज थोडक्यात. ‘हा श्रीमंतांचा आजार’: आयसीएमआरच्या 2017 च्या पाहणीत सधन राज्यांच्या शहरांमध्ये तो गरिबांत अधिक आढळला. ‘साखर नको, गूळ चालतो’: रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. ‘कारल्याचा रस सुरू केलाय, गोळ्या बंद’: कृपा करून नको.