महापुराचें निवारण : दामोदर खोऱ्याचा धडा

उदार दाते, व्यापारी मंडळी व जमीनदार यांस सविनय निवेदन.

दुष्काळ म्हणजे केवळ पावसाचा अभाव, अशी सामान्य समजूत आहे. परंतु महापूरही दुष्काळाचा सोबती होतो, हें इ. स. १९४३ सालीं बंगाल प्रांतानें अनुभविलें. त्या वर्षीं तेथें लाखों माणसें अन्नावांचून मृत्युमुखीं पडलीं. आणि त्याच वर्षीं जुलै महिन्यांत दामोदर नदीनें बरद्वानजवळ आपला डावा बांध फोडला. शेतें बुडालीं, घरें पडलीं, लोहमार्ग व ग्रँड ट्रंक रस्ता तुटला. ज्या वाटांनीं धान्य यावयाचें, त्याच वाटा बंद पडल्या.

ह्या पुराचें मूळ बांधांत नव्हतें, वर डोंगरांत होतें. दामोदर छोटानागपूरच्या पठारावर उगम पावते. तेथील रान तुटलें, उतारावरील माती उघडी पडली, व पावसाचें पाणी मुरण्याऐवजीं मातीसह खालीं धांवूं लागलें. सपाटीवर वेग मंदावतांच गाळ बसतो, पात्र उथळ होतें व पाणी कांठाबाहेर पसरतें. अशा स्थितींत केवळ बांध उंच करीत जाणें ही वरवरची मलमपट्टी होय.

सरकारनें चौकशीसमिती नेमली. तींत शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेंत टेनेसी खोऱ्याकरितां १९३३ सालीं स्थापिलेल्या मंडळाच्या धर्तीवर १९४८ सालीं दामोदर खोरें महामंडळ अस्तित्वांत आलें. दर सेकंदास १० लक्ष घनफुटांचा पूर अडीच लक्षांवर आणावा, म्हणून मूळ योजनेंत ८ धरणें होतीं. पैकीं तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) व पंचेत (१९५९) हीं चारच महामंडळानें बांधलीं. उतारांवर वृक्षलागवड व बांधबंदिस्तीचीं कामेंही हातीं घेतलीं.

यामुळें पुराचा जोर पुष्कळ ओसरला, हें मान्य केलें पाहिजे. तथापि जलाशयांखालीं जाणारी सर्व जमीन संपादन न झाल्यामुळें मैथन व पंचेत येथें पुरासाठीं योजिलेली जागा पुरती वापरतां आली नाहीं; गाळ सांचत गेला; आणि धरणांच्या भरंवशावर वस्ती नदीकडे सरकली. १९७८ सालीं महापूर आला, तेव्हां ह्या उणिवांचें मोल रयतेनें भरलें.

हा धडा आपल्याही दारचा आहे. कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं २०१९ व २०२१ चे पूर आपण पाहिले. २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी, अशा दोन पूररेषा सरकार आंखतें. त्यांचा मान राखणें मात्र आपल्या हातीं आहे.

तस्मात् आमची विनंती अशी : जमीनदारांनीं आपल्या उतारावर बांध घालावे, व्यापाऱ्यांनीं निळ्या रेषेंत वखारी उभारूं नयेत, आणि दात्यांनीं अन्नदानाबरोबर माती व पाणी अडविण्याच्या कामासही हात द्यावा. अन्नदानानें आजचा जीव वांचतो. अडविलेल्या पाण्यानें पुढील पिढीवर हात पसरण्याची पाळी येत नाहीं.