ज्येष्ठांची खोली, पावसाळा आणि कीटक

पनवेलला पावसाळा लागला की भिंती ओल धरतात, कपाटांची दारे फुगतात आणि रात्री स्वयंपाकघरातील दिवा लावताच झुरळांची पळापळ होते. गाढी नदीजवळच्या जुन्या वस्तीत राहा किंवा नवीन पनवेलच्या एखाद्या इमारतीत, हा अनुभव आपल्या परिचयाचाच असेल. घरात वृद्ध माणूस असेल, तर मात्र याकडे थोडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. कीटकांचा त्रास त्यांना अधिक होतो, आणि कीटक मारण्याच्या उपायांचा कधीकधी त्याहूनही अधिक.

हिवताप पसरवणारा डास सायंकाळनंतर चावतो. डेंग्यूचा एडिस डास मात्र दिवसा. म्हणून दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांनाही मच्छरदाणी हवी. एडिसला गटार लागत नाही. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, मनीप्लांटची बाटली एवढे त्यास पुरते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ही भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही काही महिने तग धरतात. भांडे घासलेच पाहिजे.

ताप आल्यास स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळी देऊ नका. डेंग्यूत आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी ती परस्पर बंदही करू नये. ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

डास घालवण्यासाठी दारे-खिडक्या लावून कॉइल पेटवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके आढळले होते. दम्याच्या रुग्णाच्या उशाशी ती रात्रभर जळत ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. खिडकीला जाळी बसवण्याचा खर्च एकदाच होतो.

झुरळांची विष्ठा आणि त्यांनी टाकलेली कात यांच्या धुळीने दमा बळावतो. ती अन्नावरून फिरतात, तशीच रात्री उघड्या ठेवलेल्या कवळीच्या वाटीवरूनही. ती वाटी झाकणाचीच असावी. खरकटी भांडी रात्री घासून ठेवावीत, सिंकखालचा गळका नळ दुरुस्त करून घ्यावा. पाणी मिळेनासे झाले की झुरळे पुष्कळ कमी होतात. कणकेत बोरिक पावडर मिसळून गोळ्या ठेवण्याचा उपाय जुना व गुणकारी आहे. पण ही पावडर मिठासारखी, मैद्यासारखी दिसते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना फरक कळत नाही. ती स्वयंपाकघरात ठेवूच नये, आणि गोळ्या नातवंडांच्या किंवा विसरभोळ्या वृद्धांच्या हाती लागतील अशा ठिकाणी नकोत.

ढेकूण झाल्याचे सांगायला माणसे लाजतात. ढेकूण स्वच्छ घरातही प्रवासाच्या बॅगेतून येतो. त्याच्यामुळे रोग पसरत असल्याचे आढळलेले नाही. पण मधुमेही व्यक्तीने रात्रभर खाजवले की जखम होते, ती चिघळते. काही वृद्धांच्या त्वचेवर चाव्याची खूणही उमटत नाही. म्हणून गादीच्या शिवणीत काळसर ठिपके दिसतात का, हे आपणच पाहावे. चादरी व अभ्रे ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवावेत. औषध गादीवर परस्पर फवारू नये. अंथरुणाला खिळलेला माणूस त्यावर दिवसरात्र पडून असतो.

एका वस्तूविषयी मात्र कठोरपणे सांगितले पाहिजे. धान्यात टाकण्याच्या सेल्फॉससारख्या गोळ्या, म्हणजेच अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड, राहत्या घरात आणू नका. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! या विषावर उतारा नाही. बंद खोलीत झोपलेल्यांचा त्याने जीव जाऊ शकतो. वर्षाच्या तांदळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकणाचा डबा पुरे.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवाल, तेव्हा कोणते औषध वापरणार आणि किती तास खोली बंद ठेवायची, हे आधी लिहून घ्या. झुरळांसाठी फवाऱ्याऐवजी जेल लावता येईल का, हेही विचारा. फवारणी अटळ असल्यास आजी-आजोबांची त्या दिवसापुरती मुलीकडे किंवा शेजारी सोय करा, त्यांची औषधे सोबत द्या, आणि खिडक्या उघडून घर नीट हवेशीर झाल्यावरच त्यांना परत आणा.