क्रूझवर नोकरी करायचीय? आधी टर्नअराउंडचा दिवस बघा!

एसटी स्टँडवर गाडी लागली की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आतले उतरायच्या आधीच बाहेरचे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. दारात ही गर्दी. कंडक्टर ओरडत असतो, ‘अहो, आधी उतरू तर द्या!’ आणि थोड्याच वेळात पाटी बदलून तीच गाडी परत निघते.

आता कल्पना करा, या गाडीत दीड-दोन हजार माणसं आहेत. प्रत्येकाला खोली आहे, खोलीत पलंग आहे, बाथरूम आहे. सगळे सकाळी उतरणार आणि दुपारी तेवढेच नवे चढणार. आपल्या खोलीत सकाळपर्यंत कुणी दुसरं झोपलेलं होतं, असा संशयही त्या नव्या माणसांना येता कामा नये. संध्याकाळी गाडी वेळेवर सुटलीच पाहिजे. आणि रुमाल टाकायची सोय नाही!

क्रूझ जहाजावर या दिवसाला ‘टर्नअराउंड डे’ म्हणतात. एक सफर संपली, दुसरी सुरू झाली, आणि मधे जहाज बंदरात उभं राहिलं ते जेमतेम आठ-दहा तास.

हे सगळं धाडमध्ये बसून कशाला वाचायचं? आपल्यापासून समुद्र किती लांब! बुलढाण्याला जा, तिथून मलकापूर गाठा, मग रेल्वेनं रात्रभर प्रवास करा, तेव्हा कुठं मुंबईचं पाणी दिसतं. खरंय. पण हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्या, नाहीतर नुसतीच बारावी करून काम शोधणाऱ्या पोरापोरींच्या मोबाइलवर हल्ली क्रूझच्या रील्स येतात. निळा समुद्र, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, डॉलरमध्ये पगार, राहणं-खाणं फुकट. त्यातलं काहीच खोटं नसतं. पण रीलमध्ये टर्नअराउंडचा दिवस नसतो. आणि ही नोकरी आपल्याला झेपेल का, हे त्याच दिवशी कळतं.

मुंबईत काय चाललंय?

आधी आपल्या जवळचं बघू. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे प्रवासी जहाज सुरू झालं. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांच्या घराण्यावरून. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ आली. तिचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे असलेलं. लांबी साधारण २११ मीटर, खोल्या आठशेच्या आसपास. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा दोन-चार रात्रींच्या सफरी ते करतं.

३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मुंबई बंदरातूनच ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं. २०२९ पर्यंत देशातले क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे, हे त्याचं उद्दिष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. एका वेळी पाच जहाजं हाताळायची सोय, चेक-इन आणि इमिग्रेशनसाठी ७२ काउंटर. हे ७२ काउंटर कशाला लागतात, ते टर्नअराउंडच्या दिवशीच समजतं. विमानतळावर दिवसभरात विमानं सुटी सुटी येतात. क्रूझचं मात्र एक अख्खं गाव एकदम उतरतं आणि दुसरं अख्खं गाव एकदम चढतं.

अमेरिकेतल्या मायामीत तर हे प्रकरण आणखी मोठं. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे अवाढव्य जहाज २०२४ पासून तिथून निघतं. त्याची कमाल प्रवासी क्षमता ७,६०० आणि कर्मचारी २,३५०. ते पूर्ण भरलेलं असेल तर उतरणारे आणि चढणारे मिळून एका दिवसात पंधरा हजारांवर प्रवाशांची ये-जा!

रात्रीपासूनच धावपळ

टर्नअराउंड सकाळी सुरू होतो असं वाटतं, पण त्याची खरी सुरुवात आदल्या रात्री होते. प्रवाशांनी झोपायच्या आधी बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या. प्रत्येक बॅगेला रंगीत नाहीतर नंबरची चिठ्ठी. रात्रीत कर्मचारी त्या हजारो बॅगा खाली नेऊन रंगाप्रमाणे लावतात, म्हणजे सकाळी टर्मिनलमध्ये ज्याची त्याला सापडते.

पहाटे स्थानिक पायलट जहाजावर चढतो. हा विमानातला पायलट नव्हे. आपल्या बंदराचं पाणी, खोली, भरती-ओहोटी ज्याला तोंडपाठ असते, तो जाणकार. त्याच्या सल्ल्यानं जहाज धक्क्याला लागतं. आरोग्य, कस्टम्स आणि इमिग्रेशनचे अधिकारी हिरवा कंदील दाखवतात, मगच पहिला प्रवासी खाली उतरतो.

इथून पुढं सगळं एकदम सुरू होतं. वरच्या मजल्यावर नाश्ता चाललेला असतो, तेव्हा खालच्या दारातून फोर्कलिफ्टनं माल आत येतो. भाजी, फळं, दूध, मांस, अंडी, पीठ. थंड माल थंडच आहे ना, हे तापमान मोजून बघायचं. जुना माल पुढं आणि नवा मागं लावायचा. दुसऱ्या दारातून वर्गवारी केलेला कचरा बाहेर. इंधनाची बार्ज बाजूला लागलेली. मोठ्या जहाजांच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक पॅसेज असतो. अमेरिकी जहाजांवर त्याला गमतीनं ‘आय-९५’ म्हणतात, म्हणजे तिकडच्या एका मोठ्या हायवेचं नाव! ट्रॉल्या, गाद्या, बॅगा, माणसं, सगळी वाहतूक त्यातूनच.

त्याच दिवशी कर्मचारीही बदलतात. कुणाचा करार संपला, तो बॅग घेऊन घरी निघालाय. कुणी आजच पहिल्यांदा जहाजावर पाय ठेवतोय. त्याला खोली दाखवायची, युनिफॉर्म द्यायचा, आणीबाणीत त्याची जागा कुठली ते शिकवायचं, आणि बऱ्याचदा लगेच कामालाही लावायचं. नव्या पोराचा पहिला दिवस हा जहाजावरचा सगळ्यात गर्दीचा दिवस असतो. तो घाबरला नाही तरच नवल.

यात एक गंमत आणखी. काही प्रवासी उतरतच नाहीत! त्यांनी लागोपाठ दोन सफरी बुक केलेल्या असतात. त्यांना ‘बॅक टू बॅक’वाले म्हणतात. त्यांचीही वेगळी मोजदाद होते, नव्या सफरीचं कार्ड मिळतं. अमेरिकी बंदरात तर त्यांनाही सहसा थोडा वेळ खाली उतरवतात, कारण जहाजावर जुन्या सफरीचा एकही प्रवासी उरला नाही, असा हिशेब आधी जुळावा लागतो. तो जुळला नाही तर खाली रांगेत उभे असलेले नवे प्रवासी तिथंच ताटकळतात.

एका खोलीला सोळा मिनिटं

आता साधं गणित करू. समजा एका हाउसकीपिंग कर्मचाऱ्याकडे १५ खोल्या आहेत. प्रवासी नऊपर्यंत खोलीतून निघाले आणि नवे एक वाजता आत येणार. म्हणजे हातात चार तास, २४० मिनिटं. खोलीमागं १६ मिनिटं.

या सोळा मिनिटांत पलंगावरचं सगळं काढायचं, नवं घालायचं. बाथरूम घासायचं. व्हॅक्यूम मारायचा. दरवाजाच्या मुठी, स्विच, रिमोट जंतुनाशकानं पुसायचे. तिजोरी, ड्रॉवर, पलंगाखाली कुणाचं काही राहिलंय का बघायचं. लाइफ जॅकेट पुरेशी आणि जागेवर आहेत का तपासायचं. मधेच कुणाला चार्जर हरवल्याचं आठवतं, कुणी निघायलाच उशीर करतं. घड्याळ काही थांबत नाही.

आणि ही स्वच्छता दिसण्यापुरती नसते. बंद जागेत हजारो माणसं एकत्र राहतात, जेवतात. नोरोव्हायरससारखा उलट्या-जुलाबाचा आजार एकाला झाला तर बघता बघता पसरतो. म्हणून अमेरिकी बंदरात आरोग्य खात्याचे लोक न सांगता तपासणीला येऊ शकतात. १०० पैकी मार्क देतात. ८६ मिळाले तर पास, ८५ आले की नापास! आपल्याकडे चाळिशीत पास होणाऱ्यांनी जरा विचार करावा.

एक काम मात्र सोडता येत नाही

एवढ्या घाईत सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं काम म्हणजे मस्टर ड्रिल. संकटात कुठं जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, हे नव्या प्रवाशांना सांगायचं. सुट्टीच्या मूडमध्ये आलेल्या प्रवाशांचं लक्ष भलतीकडेच असतं.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडलं. ३२ जणांचा जीव गेला. काही प्रवासी त्याच दिवशी चढले होते आणि त्यांची ड्रिल व्हायची बाकी होती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. मृतांमध्ये मुंबईचा एक वेटर होता, रसेल रिबेलो. त्याचे अवशेष सापडले नोव्हेंबर २०१४ मध्ये, जवळजवळ तीन वर्षांनी.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांची ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. म्हणजे सकाळपासून चादरी बदलून, ताटं वाढून दमलेला माणूसच संध्याकाळी नारिंगी जॅकेट घालून उभा राहतो आणि लोकांचा जीव कसा वाचवायचा ते सांगतो. तो वेटर असेल, क्लीनर असेल, आणीबाणीत त्याला नेमून दिलेलं काम असतंच.

दमला तरी किती दमायचं?

खरा प्रश्न इथं आहे. इतक्या लांबलचक दिवसाला काही मर्यादा आहे की नाही?

आहे. ‘मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६’ नावाचा जागतिक करार आहे आणि भारतानं तो ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारलाय. त्यात इंजिन रूममधला माणूस जसा नाविक, तसाच भांडी घासणाराही नाविकच. कराराप्रमाणे कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. ती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडता येत नाही आणि त्यातला एक तुकडा किमान सलग ६ तासांचा हवा. या तासांची नोंद ठेवावी लागते, त्यावर तुमचीही सही लागते आणि तिची प्रत तुम्हाला मिळायला हवी.

टर्नअराउंडच्या दिवशी हा नियम सगळ्यात जास्त ताणला जातो. बॅगा मध्यरात्री, नाश्ता पहाटे, खोल्या दुपारी, ड्रिल संध्याकाळी, जेवण रात्री. असे दिवस किती येतात? सात दिवसांची सफर आणि आठ महिन्यांचा करार असेल तर साधारण ३४-३५. छोट्या सफरी असतील आणि आठवड्यात दोनदा टर्नअराउंड आला तर सत्तरच्या घरात. म्हणून नुसता पगार विचारू नका. सफर किती दिवसांची, हेही विचारा.

कूड नाही, तर कुणाला विचारायचं?

गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथली माणसं बोटीवर गेली. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास त्यांचे गावोगावचे ‘कूड’ होते, म्हणजे गावकऱ्यांचे क्लब. बोटीची वाट बघणारा तरुण तिथं स्वस्तात राहायचा. कुठली कंपनी बरी, कुणापासून लांब राहायचं, हे गावातलीच जुनी माणसं त्याला सांगायची.

आपल्या भागात असा कूड नाही. बापानं सोयाबीन नाहीतर कपाशीच्या पैशातून फी भरायची, पोरानं एकट्यानं मुंबई गाठायची, आणि पहिला माणूस भेटतो तो एजंट. ‘दोन लाख द्या, पुढच्या महिन्यात बोटीवर!’ तिथंच फसगत होते. म्हणून निदान एवढं तरी पक्कं लक्षात ठेवा.

सही करण्याआधी...

• नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून फी घ्यायला मनाई आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल सर्टिफिकेटचा खर्च तुमचा असू शकतो. ‘प्लेसमेंट’चे लाख मागितले की तिथून उठा.

• भरती करणाऱ्या संस्थेकडे आरपीएसएल परवाना हवा. त्याचा नंबर मागा आणि नौवहन महासंचालनालयाच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. हे कार्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे.

• जहाजावर जायला सुरक्षेचं मूलभूत प्रशिक्षण लागतं. पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार वगैरे. ते महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतूनच करा. प्रवासी जहाजासाठी गर्दी हाताळण्याचं वेगळं प्रशिक्षणही असतं.

• करार हातात घेऊन वाचा. पद कुठलं, पगार किती, किती महिने, आणि परतीचा खर्च कोण करणार? करार पूर्ण झाल्यावर घरी परत आणण्याची जबाबदारी मालकाची असते.

• विश्रांतीच्या नोंदीवर न वाचता सही करू नका. तक्रार करायची पद्धत प्रत्येक जहाजावर असावीच लागते. ती पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या.

• मुलाखतीत एक प्रश्न तुम्हीही विचारा : ‘टर्नअराउंडच्या दिवशी माझी ड्युटी किती वाजता सुरू होते आणि किती वाजता संपते?’ सरळ उत्तर मिळालं तर पुढचं बोला.