हायड्रोजन जहाजावर चढतो कसा?

दिल्लीला समुद्र नाही, पण धोरण तिथेच ठरते. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी: 4 जानेवारी 2023. तरतूद 19,744 कोटी रुपये. लक्ष्य: 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन. निर्यातीसाठी नजरेसमोरची बंदरे: कांडला, पारादीप, तुतिकोरिन. तिथून हायड्रोजन न्यायचे मार्ग चार.

दाबलेला वायू: दिल्लीत सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या इंडियन ऑइलच्या हायड्रोजन बसमध्ये हाच, 350 बार दाबाने. तरीही एका घनमीटरात जेमतेम 24 किलो. बसला पुरतो, लांबच्या सफरीला परवडत नाही.

द्रव हायड्रोजन: उणे 253 अंश सेल्सिअस. घनमीटरला 71 किलो. थंड करण्यातच त्यातल्या ऊर्जेच्या सुमारे 30 टक्के इतकी ऊर्जा खर्च, शिवाय वाटेत थोडा वायू उडत राहतो. ‘सुइसो फ्रंटियर’ या जपानी जहाजाने फेब्रुवारी 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाहून कोबेला असा पहिला माल उतरवला. टाकी 1,250 घनमीटरची. द्रवरूप नैसर्गिक वायू (एलएनजी) वाहणारी जहाजे पावणेदोन लाख घनमीटरच्या घरातली.

अमोनिया: उणे 33 अंशांना द्रव. वजनाच्या 17.6 टक्के हायड्रोजन. घनमीटरला सुमारे 120 किलो, म्हणजे द्रव हायड्रोजनपेक्षाही जास्त. खतांमुळे जहाजे, टाक्या, धक्के आधीपासून तयार. मात्र विषारी. पुन्हा हायड्रोजन वेगळा करायला प्रचंड उष्णता लागते. खतासाठी थेट वापरल्यास तो खर्च नाही.

सेंद्रिय वाहक द्रव: टोल्युइनमध्ये हायड्रोजन मुरवून मिथिलसायक्लोहेक्झेन. नेहमीच्या तापमानाला द्रव, साध्या रसायनवाहू जहाजातून जातो. वजनाच्या फक्त 6 टक्के हायड्रोजन. टोल्युइन परत न्यावे लागते. ब्रुनेई–जपान चाचणी: 2020.