पाण्याला वारा देणे

जळगावास वाघूर धरणाचे, तर धुळ्यास तापी नदीचे आणि नकाणे व डेडरगाव ह्या तलावांचे पाणी मिळते. खोल साठ्याच्या पाण्याची एक खोड असते. चैत्र-वैशाखात वरचा थर तापून हलका होतो आणि तळच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखा बसतो. मग हवा तळाशी पोचत नाही. कुजणारा पालापाचोळा तेथील प्राणवायू संपवितो, आणि गाळात पडून असलेले लोह व मँगेनीज विरघळून पाण्यात उतरतात. गंमत अशी, की असले पाणी ताजे काढले तर नितळच दिसते. म्हणूनच त्यातील लोह वाळूच्या थरातूनही निसटते.

शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी पायऱ्यापायऱ्यांचा जो गोल चौथरा पुष्कळ ठिकाणी दिसतो, तो शोभेचे कारंजे नव्हे. मधल्या नळातून वर आलेले पाणी त्या पायऱ्यांवरून पातळ होऊन कोसळते. कुजका वास देणारा गंधकयुक्त वायू आणि जादा कर्बाम्लवायू उडून जातात व प्राणवायू आत शिरतो. लोहाचा गंज बनू लागतो आणि पाणी काही वेळ अधिकच तांबूस होते. नवख्याला वाटावे, पाणी बिघडले! परंतु आता ते लोह तुरटीने खाली बसविता येते व वाळूने गाळता येते.

३० अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांत ९ मावतो. म्हणजे खानदेशच्या उन्हाळ्यात पाणी हवा कमीच घेते. तरी काम भागते, कारण १ मिलिग्रॅम लोहास त्याच्या सातव्या हिश्श्याइतका प्राणवायू पुरतो.

मँगेनीज मात्र हट्टी; त्याला क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट लागते. वाऱ्याने जंतूही मरत नाहीत. घरी विहिरीच्या पाण्यास वास आला, तर ते दोन भांड्यांत वरून खाली ओतावे, रात्रभर निवळू द्यावे, मग गाळून उकळावे. खतांतून विहिरीत उतरलेले नायट्रेट मात्र ह्या कशानेच जात नाही. उकळल्याने ते उलट दाटते. भारतीय मानकाप्रमाणे त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीत न तपासलेले विहिरीचे पाणी कालवू नये.