वजनकाट्याला न दिसणारा मधुमेह

२००४ च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॉ. जॉन युडकिन. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो बीएमआय काढतात, तो दोघांचा अगदी सारखा होता : २२.३. कोणताही डॉक्टर दोघांनाही ‘वजन उत्तम’ असंच प्रमाणपत्र देईल. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ असं नाव पडलं. युडकिन फावल्या वेळात मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचं धावणं रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ती गाठण्यापुरतं, अशी थट्टाही त्या छोट्याशा लेखात होती.

थट्टा बाजूला ठेवली तरी दुपटीहून मोठा हा फरक नुसत्या व्यायामाने पडलेला नाही, हे लेखकांना ठाऊक होतं. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात तर तो रोज समोर येऊन बसतो. ‘अंगावर मांस नाही, गोडाची फारशी आवड नाही, मग मला शुगर निघाली कशी?’ असं विचारणारे पेशंट आपल्याकडे प्रत्येक डॉक्टरला भेटतात. युरोपीय लोकांच्या तुलनेत भारतीयांना टाइप २ मधुमेह सुमारे दहा वर्षं आधी आणि बऱ्याच कमी वजनावर गाठतो. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत बीएमआय २५ च्या पुढे गेल्यावर ‘वजन जास्त’ म्हणतात, तर आपल्यासाठी ती रेषा २३ वर आणली आहे.

घोळ आहे तो चरबी कुठे साठते यात. खाल्लेल्या अन्नातली जास्तीची ऊर्जा त्वचेखालच्या चरबीत गेली तर फारसं बिघडत नाही. घराचा माळा भरला की पोती स्वयंपाकघरात येऊन पडतात आणि रोजच्या कामाचा खोळंबा होतो, तसं शरीराचं होतं. त्वचेखालची जागा अपुरी पडली की चरबी पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात आणि स्नायूंत शिरते. तिथे ती इन्सुलिनचं काम अडवते. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर इन्सुलिनच्या सांगण्यावरून उचलतात ते स्नायू. ते मुळात कमी असले तर साखर जाणार कुठे? स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून काही वर्षं वेळ मारून नेतं, मग तेही थकतं.

पण कमी स्नायू आणि जास्त चरबी अशी ही ठेवण येते कुठून? एक धागा इंग्लंडमध्ये सापडला. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून परिचारिका प्रत्येक नवजात बाळाचं वजन वहीत टिपून ठेवत होत्या. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधल्या आणि वहीतली बाळं साठी ओलांडल्यावर त्यांची साखर तपासली. जन्मताना ज्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात मधुमेह जास्त निघाला. १९९२ मध्ये बार्कर आणि केंब्रिजचे निकोलस हेल्स यांनी त्यावर सिद्धान्त मांडला : पोटात असताना उपासमार झालेलं बाळ मेंदू वाचवतं आणि बाकीच्या अवयवांवर काटकसर करतं. पुढे अन्न मुबलक मिळालं की हीच काटकसर अंगाशी येते.

भारतात हे तपासायला जुन्या वह्या नव्हत्या, म्हणून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात अगदी मुळापासून केली. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यात सहभागी होत्या. दिवस जाण्याआधीपासूनच गावातल्या विवाहित बायकांची मोजमापं घेतली गेली, पाळीच्या तारखा नोंदवल्या गेल्या आणि दिवस गेल्यावर खाणं, रक्त, काम, सगळ्याची तपशीलवार नोंद झाली. या बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास आणि उंची १५२ सेंटिमीटर. त्या दिवसाला सुमारे १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं खात होत्या, आणि शेतातली-घरातली कामं चालूच होती.

बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत त्याची मोजणी होई. वजन, लांबी, डोकं, छाती, पोट आणि दंड यांचे घेर झाले की मग कॅलिपर. हा स्प्रिंगचा चिमटा असतो. बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखालची कातडी दोन बोटांत हलकेच उचलायची, कॅलिपरच्या टोकांत धरायची आणि काटा स्थिरावला की मिलिमीटर वाचायचे. त्या चिमटीत कातडी आणि तिच्याखालची चरबी येते, स्नायू मागेच राहतो. काही मिलिमीटरचं हे मोजमाप पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

२००३ मध्ये या गावांतल्या ६०० हून अधिक बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी प्रसिद्ध झाली. तिथलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं. हे ८०० ग्रॅम सगळीकडून सारखे कमी झाले नव्हते. सर्वांत मोठी तूट पोटाच्या घेरात, म्हणजे आतल्या अवयवांत होती. दंडाचा घेरही बराच कमी होता, म्हणजे स्नायू कमी होते. डोकं त्यामानाने सावरलेलं. आणि फऱ्याखालच्या चरबीत फरक सर्वांत थोडा होता. वरून रोड दिसणारं हे बाळ त्याच्या आकाराच्या मानाने चरबीत गुटगुटीत होतं. संशोधकांनी त्याला ‘थिन-फॅट बेबी’ म्हटलं. पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात, लहान चणीच्या भारतीय बाळांत इन्सुलिन मात्र जास्त आढळलं. छायाचित्रातल्या दोन डॉक्टरांमधला फरक पाळण्यातच पडलेला असतो, असा याचा अर्थ.

आता साहजिकच वाटेल की उपाय सोपा आहे, आईला जास्त खाऊ घाला. पण त्याच गावांतल्या नोंदींनी इथे धक्का दिला. आईने किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी. पोट भरत होतं, सूक्ष्म पोषण कमी पडत होतं. रक्तात सर्वांत ठळक कमतरता सापडली ती जीवनसत्त्व बी-१२ ची. जवळजवळ दोन तृतीयांश गरोदर बायकांत ते कमी होतं. फोलेट कमी असलेली बाई सगळ्या अभ्यासात एकच निघाली.

बी-१२ फक्त प्राणिज पदार्थांत मिळतं. शाकाहारी घरात त्याचा मुख्य आधार दूध-दही, आणि घरात सर्वांचं वाढून झाल्यावर सुनेच्या वाट्याला ते किती येतं हे सांगायला नको. मांसाहारी म्हणवणाऱ्या कित्येक घरांतही मटण-मासळी रोजची नसते. पेशींचं विभाजन आणि जनुकांचं चालू-बंद होणं ज्या रासायनिक साखळीवर चालतं, तिच्यात बी-१२ आणि फोलेट हातात हात घालून काम करतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त होता. हे वाचून कोणी गरोदरपणातली फोलिक ॲसिडची गोळी थांबवू नये. बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीसाठी ती हवीच, फक्त बी-१२ कडेही तितकंच लक्ष हवं.

ही मुलं वाढत गेली आणि अभ्यास त्यांच्यामागे चालत राहिला. अठराव्या वर्षी सहाशेवर मुलामुलींना ग्लुकोजचं पाणी देऊन तपासणी झाली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर मर्यादेपेक्षा वर निघाली, बहुतेक पूर्वमधुमेहाच्या टप्प्यात. यांतल्या अनेकांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही बरोबरीच्या मुलांपेक्षा किंचित वर होती. शेतावर राबणाऱ्या घरातली, बहुतांशी सडपातळ मुलं ही. मधुमेह शहरी सुखवस्तूंचा आजार, हा समज त्यांच्यापुढे टिकत नाही.

तरीही दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असं विज्ञान मानत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात, म्हणजे नियंत्रित चाचणी करावी लागते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजारांवर बायकांवर अशी चाचणी झाली. एका गटाला गरोदरपणाच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध यांचा खाऊ रोज मिळाला. दुसऱ्याला कमी पोषणमूल्यांच्या भाज्यांचा. निकाल मिश्र होता. सर्व बायका धरल्या तर बाळांच्या वजनात ठोस फरक नव्हता. दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांत सरासरी ४८ ग्रॅमची भर दिसली. पण गरोदरपणातला मधुमेह साध्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला आणि पौष्टिक खाऊच्या गटात ७.३ टक्के. कोणतंही औषध न देता पडलेला हा फरक लहान नाही.

पुण्यात २०१२ पासून ‘प्रिया’ ही चाचणी सुरू झाली. १९९३ च्या अभ्यासातली बाळं तोवर वयात आली होती. त्यांनाच, लग्न आणि मूल होण्याच्या आधीपासून, रोज अवघे २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आलं. बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांची बौद्धिक वाढ सरस दिसली. मधुमेहाचा निकाल कळायला ही पिढी मोठी व्हायला हवी.

मग जी पिढी आधीच मोठी झाली आहे तिने काय करायचं? तिच्यासाठी चेन्नईचा पुरावा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने पूर्वमधुमेह असलेल्या ५३१ जणांचा सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत ५५ टक्के लोक मधुमेही झाले. नियमित चालणं आणि आहारातला बदल करणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के राहिलं, मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ४०.५ टक्के. दोन्ही एकत्र करून जास्तीचा लाभ झाला नाही. आणि आहार-व्यायामाच्या गटातल्या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. चालायला लागून महिना झाला तरी काटा हलत नाही म्हणून वैतागून सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख पूर्वमधुमेही आहेत, असा अंदाज आयसीएमआरच्या देशव्यापी सर्वेक्षणाने २०२३ मध्ये दिला. इतक्यांवर आयुष्यभर उपचार करण्याची ऐपत कोणत्याच आरोग्यव्यवस्थेत नाही. तेव्हा तिशी ओलांडली असेल आणि आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, किंवा कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर वजन कितीही कमी असो, साखर तपासून घ्या. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारा, कारण ही गोळी ते कमी करू शकते. आणि घरात वयात येणारी मुलगी असेल तर तिच्या ताटात दूध, दही, पालेभाजी, आणि चालत असेल तर अंडं-मासळी, आजपासून वाढा. तिला दिवस गेल्यावर सुरू केलेलं पोषण उशिराचं असतं.