दोन काड्या, एक नळी

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमध्ये विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली. पुण्यात टेल्को कंपनीत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८च्या सुमारास रजा काढून तिथे गेले. प्रयोगशाळा नव्हती, आठवडी बाजारात काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मात्र मिळे. त्यांतून भूमितीचं साहित्य तयार झालं.

कृती सोपी आहे. नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि गुल खरवडलेल्या काड्या दोन्ही टोकांतून आत सरकवा. चौकोन केलात तर बोटाने दाबताच तो कलतो. त्रिकोण मात्र हटत नाही! रेल्वेच्या लोखंडी पुलांत, विजेच्या मनोऱ्यांत तिरप्या पट्ट्या का असतात, हे मुलाला इथेच हाताने कळतं. तुकड्याला मध्यभागी भोक पाडून तिसरी काडी खोवली, की आकृती कागदावरून उठून उभी राहते: पिरॅमिड, घर, मग मनाला येईल ते. हा तास चित्रकलेचा की विज्ञानाचा, हे ठरवायची गरज नाही.

गुप्ता यांनी पुढे पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दशकभर अशी खेळणी घडवली. २०१८मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि चित्रफिती, मराठीतल्यासुद्धा, इंटरनेटवर विनामूल्य आहेत. महागडा विज्ञानसंच घेण्याआधी शिक्षकांनी त्या जरूर पाहाव्यात.